गनमेटलचं पहिलं चाक

माझ्या जिभेला हाड नाही, असं सासूबाईंनी लग्नाला आठवडा व्हायच्या आत जाहीर केलं होतं. मला त्याचा राग आला नाही. हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं गुळमुळीत बोलून चालत नाही, पोरं डोक्यावर बसतात. असेल ते तोंडावर सांगायचं, मग समोर हेडमास्तर असोत की नवरा, हा माझा खाक्या. आयुष्यात एकदाच मी बोलायच्या जागी गप्प बसले. फार वेळ नाही, पाहुण्याचा चहा उकळून कपात गाळेपर्यंत. ते आठवलं की अजून मला माझीच लाज वाटते.

आमचे हे टर्नर होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात, धातू कातायच्या लेथवर उभं आयुष्य गेलं. शिक्षण आठवी, आणि मी बी.एस्सी., बी.एड. माझ्या वडिलांना निर्व्यसनी जावई हवा होता आणि ह्यांच्या आईला पगारदार सून, म्हणून जमलं. लोकांनी नाकं मुरडली. शिकलेली बाई लेथवाल्याच्या घरात टिकायची न्हाई, म्हणाले. मी टिकले. ह्यांना माझ्या शिक्षणाचा कमीपणा कधी वाटला नाही, उलट चारचौघांत मिरवायचे. घरात मला हाक मारायची ती 'मास्तरीणबाई' अशीच.

उद्यमनगरात ह्यांच्या हाताला मान होता. दांड्यावरनं नुसतं बोट फिरवून सांगायचे, 'हितं केसाएवढं ज्यादा हाय', आणि मोजलं की तेवढंच निघायचं. अवघड काम आलं की दुसरे वर्कशॉपवाले ह्यांच्या मालकाकडं यायचे, तुमचा माणूस दोन तास द्या म्हणून. ह्यांना गाणं नव्हतं, पत्ते नव्हते, राजकारण नव्हतं. हात होता.

नाद होता तो मला, ताऱ्यांचा. नव्वदच्या दशकात सहा इंची आरसा मी स्वतः घासून केला. तीन महिने स्वयंपाकघरात काच, पाणी आणि घासायची पूड. भाकरीत कचकच लागते म्हणून मुलीनं जेवण सोडायची धमकी दिली होती. दुर्बीण झाली. शनीची कडी बघायला कसबा बावड्याची निम्मी गल्ली आमच्या गच्चीवर येऊन गेली. मग मला फोटो काढायचं खूळ लागलं.

डोळ्यानं बघणं वेगळं आणि फोटो वेगळा. अंधुक तारे फिल्मवर यायचे तर कॅमेऱ्याचं झाकण वीस-पंचवीस मिनिटं उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात पृथ्वी फिरते. म्हणून दुर्बीण तिच्या उलट, अगदी तिच्याच गतीनं फिरवायची. दुर्बिणीचा आस ध्रुवाकडं रोखायचा. आमच्या कोल्हापुरातनं ध्रुव खाली, क्षितिजाजवळ दिसतो. आमच्या गच्चीवरनं तर तो साखर कारखान्याच्या चिमणीच्या बाजूलाच, गळीत सुरू झालं की धुरात. तो सापडला की पुढं सगळी कामगिरी एका मोटरची आणि एका चाकाची. मोटर आटे पाडलेला दांडा फिरवते, त्याला वर्म म्हणतात. वर्म आपल्या आट्यांनी मोठं दात्यांचं चाक हळूहळू ढकलतो. चाक एका दिवसात एक फेरा. त्या चाकावर दुर्बीण.

मोटर मी भंगारातनं आणली. एका जुन्या यंत्रातली, घरातल्या विजेवर एकाच ठरावीक गतीनं फिरणारी. चाक ह्यांनी केलं.

फौंड्रीतनं गनमेटलची, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूची, चकती ओतून घेतली. कापायचं हत्यार स्वतः घडवलं. ड्यूटी संपल्यावर मालकाच्या परवानगीनं तासभर थांबून थांबून दीड महिना काम केलं आणि एका संध्याकाळी जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं चाक माझ्यासमोर ठेवलं. 'डायल लावून बघितलं,' म्हणाले. डायल म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाची खोट दाखवणारं काटा-यंत्र. 'काटा हलत न्हाई बग.' मी चाक उजेडात फिरवलं. इतकी देखणी वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती. मी म्हणाले, 'बघू, तारा काय म्हणतो ते.' बघा, कौतुकाचा एक शब्द त्या दिवशीसुद्धा तोंडातनं निघाला नाही.

तारा काय म्हणतो ते बघायची रीत अशी. मोठ्या दुर्बिणीला एक छोटी दुर्बीण बांधायची, तिच्यात बारीक तारांची फुली. एक तारा त्या फुलीवर आणायचा आणि डोळा लावून बसायचं. तारा फुलीवरनं सरकला की बटण फिरवून परत आणायचा. मोटर आणि चाक चोख असतील तर हाताला फारसं काम नसतं. मला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. संध्याकाळी तारा एका बाजूला पळे. मध्यरात्रीनंतर तोच उलट्या बाजूला. फोटो धुऊन आले, तर ताऱ्यांच्या जागी तांदळाचे दाणे.

आता खोट मोटरमध्ये की चाकात? मी विज्ञानाची शिक्षिका, अंदाजपंचे बोलणार नव्हते. मोटर घड्याळ लावून तपासली. बहिणीच्या नवऱ्यानं सौदीहून आणलेलं लाल आकड्यांचं घड्याळ होतं आमच्याकडं, विजेवर चालणारं. लाल उजेडानं अंधारात डोळे दिपत नाहीत, म्हणून दुर्बिणीजवळ तेच ठेवायची. वर्मचा एक फेरा दहा मिनिटांत व्हायला हवा. त्या घड्याळानं दहा मिनिटांतच होत होता, संध्याकाळी, मध्यरात्री, कधीही मोजा. मोटर निर्दोष सुटली. राहिलं चाक. संध्याकाळी चाकाचे काही दाते कामाला येतात, मध्यरात्री दुसरे. म्हणजे चाक एका बाजूला फुगीर, एका बाजूला बसकं. चाक गोल नाही. वहीत आकृती काढून मी ह्यांना समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं.

हे बराच वेळ वहीकडं बघत राहिले. मग म्हणाले, 'चाक अर्धं फिरवून लाव की. खोट चाकात असंल तर तीबी फिरंल.'

आठवी शिकलेला माणूस, पण किती सरळ बोलला. मी काय म्हणाले? 'चाकावरच्या खुणा बदलल्या तर माझ्या सगळ्या नोंदी वाया जातील. तुम्हाला नाही कळायचं ते.'

'डायलचा काटा हललेला न्हवता गं.'

'तारा तुमच्या डायलपेक्षा बारीक बघतो.'

वाक्य मलाच इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी शाळेत स्टाफरूममध्ये सांगितलं. सगळे हसले.

ह्यांनी दुसरं चाक केलं. तांदळाचे दाणे. तिसरं केलं. दाणेच. मग चौथं केलं आणि व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट लावून ते वर्मवर तासन्‌तास घासलं, म्हणजे उंचवटे जिरतील. एवढं होईतोवर दोन वर्षं गेली होती. ह्यांच्या बोलण्यातनं आधीची खात्री गेली होती. आधी चाक आणून ठेवायचे तेव्हा हात बाजूला घ्यायचे, बग आता म्हणून. चौथ्याच्या वेळी चाक सोडेनात. 'जरा बग, आसंल काय तरी ऱ्हायलेलं,' म्हणाले.

त्याच सुमाराला वर्कशॉपात कॉम्प्युटरवर चालणारं मशीन येणार होतं. जुन्या माणसांत कुजबुज होती, कोण राहतो, कोण जातो. ही गोष्ट मला माहीत होती. माहीत असूनसुद्धा, चौथ्या चाकाचे फोटो आले त्या दिवशी, शाळेतनं वैतागून आलेली मी चपला काढायच्या आत बोलले, 'तुमचा हात गेलाय आता.'

उचलली जीभ लावली टाळ्याला. ह्यांनी वर बघितलं, आणि 'व्हय, तसंच वाटतंय' एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

आठ-पंधरा दिवसांनी कळलं, ह्यांनी स्वतः जाऊन मालकाला सांगितलं होतं की मला लेथवरनं काढा, काम बिघडायच्या आत. मालकानं स्टोअर दिलं. बोल्ट मोजून द्यायचे आणि वहीत सही घ्यायची. कुणी काढलं नव्हतं त्यांना, स्वतःच्या पायानं उतरले. घरी येऊन म्हणाले, 'बसून काम हाय, बरं हाय.' मीसुद्धा म्हणाले, बरं झालं, गुडघ्यांना आराम. चारही चाकं एका बिस्किटाच्या डब्यात घालून माळ्यावर टाकली. पुढं दुर्बिणीला चौथं चाक तेवढं पुन्हा काढून लावलं, ग्रह बघायपुरतं.

दोन-तीन वर्षं गेली. नवं शतक आलं, आणि भारनियमन वाढलं. गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते, ते बॅटरीवर वीज तयार करणारे डबे बनवून विकायला लागले. मीही एक घेतला, दिव्यासाठी. दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली, आभाळ लख्ख मोकळं, कारखाना अजून बंद. सहज मनात आलं, मोटर ह्या डब्यावर चालते का बघावं. चालली. एक तारा फुलीवर आणला आणि डोळा लावला.

तारा जागचा हलेना.

म्हणजे थोडा डुलत होता. दर दहा मिनिटांनी जरासा इकडं, जरासा तिकडं. पण पळत नव्हता. मी टॉर्च घेऊन माळ्यावर चढले, बिस्किटाचा डबा काढला, चौथं चाक उतरवून पहिलं लावलं. बनियनमधनं आलेलं ते. परत तारा फुलीवर घेतला. आता तो डुललासुद्धा नाही. अर्धा तास मी बटणाला हात लावला नाही. हाताला काही कामच नव्हतं.

मग लाइट आली आणि शेजारी सौदीच्या घड्याळाचे लाल आकडे उघडझाप करायला लागले.

ते घड्याळ मागं पडायचं. घरात सगळ्यांना माहीत होतं. दर रविवारी सकाळी रेडिओवर वेळ सांगायचे तेव्हा हे ते घड्याळ पुढं करायचे. 'सौदीचं घड्याळ हितं येऊन आळशी झालंय,' म्हणायचे आणि मी हसायची. वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते आणि ते घड्याळ त्या ठेक्यावरच वेळ मोजतं. माझी मोटरही त्याच ठेक्यावर फिरते. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले, शेतांत पंप चालू झाले, की ठेका मंदावतो. मध्यरात्री भार उतरला की पळतो. बॅटरीच्या डब्याचा ठेका मात्र आपला आपला, ढळत नाही. मोटर आणि घड्याळ दोघंही एकाच पायानं लंगडत होती, म्हणून मला दोघांची चाल सारखी दिसली. दहावीच्या पोरांना मी दर वर्षी शिकवत होते, आपल्याकडे विजेची वारंवारता पन्नास. पुस्तकात पन्नास छापलंय म्हणजे विजेच्या तारेतही पन्नासच असणार. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्या डोक्यात होता.

मनगटावरचं घड्याळ आणि ते लाल घड्याळ शेजारी ठेवून पुढचे चार दिवस तपासलं. सात ते अकरा, चार तासांत तीन मिनिटं मागं. आता शंकेला जागाच नव्हती. चाक पहिल्यापासून गोल होतं. चौथंच थोडं बिघडलेलं होतं, माझ्या टोमण्यांनी घासून घासून.

सांगायला खाली जायचं होतं फक्त. हे खाली पेपर वाचत बसलेले. मी सात पायऱ्या उतरलेसुद्धा. मग मनात आलं, नुसतं काय सांगायचं? एक फोटो काढू या. मृग नक्षत्रातला, तीन ताऱ्यांच्या तिकांड्याखालचा तो धुरकट ढग, त्याच्याभोवती गोल गोल तारे. ह्यांच्या हातात देईन आणि म्हणेन, हे तुमचं पहिलं चाक. मृग संध्याकाळीच उगवायला अजून महिना-दोन महिने होते. इतकी वर्षं गेली, दोन महिन्यांनी काय बिघडतंय, असं मी मनाशी म्हणाले आणि परत वर गेले.

दिवाळीच्या पाडव्याला ह्यांचे मालक घरी आले. मिठाईचा बॉक्स घेऊन, दर वर्षीसारखे. पण ह्या वेळी बसले. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला होता, दार उघडं, शब्द न्‌ शब्द ऐकू येत होता.

'एक जुनं मशीन हाय,' मालक म्हणाले. 'वर्म-गिअर गेलंय त्याचं. पार्ट कुठं मिळंना. आमच्या पोरांना कॉम्प्युटरवर जमंना झालंय. तुम्ही या चार दिवस. आन्‌ खरं सांगू, परत लेथवरच ऱ्हावा की. तुम्ही उतरलासा ते मला कवाच पटलं न्हवतं.'

हे मला पाठमोरे दिसत होते. उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा बोटांवरनं फिरत होता, काही तरी चाचपल्यासारखा.

'न्हाई मालक,' म्हणाले. 'हात गेलाय माझा. आमच्या मास्तरीणबाईनं ताऱ्याला लावून बघितलाय.'

आणि हसले. कौतुकानं हसले. त्यात टोमणा असता तर मी तिथल्या तिथं बाहेर येऊन बोलले असते. चहाला उकळी आली. मी गॅस बारीक केला. बोल, बोल, म्हणत होते स्वतःला. पण परक्या माणसासमोर मी चुकले म्हणायचं? आणि चुकले तेही असं, घरातल्या घड्याळाला फसून? फोटो आला की सांगेन. फोटोचं आता नुसतं निमित्त होतं, हे मला उभ्या उभ्या कळत होतं. मी चहा गाळला, ट्रे घेऊन बाहेर आले आणि मालकांना म्हणाले, 'साखर बघा बेताची आहे का.'

मालक चहा पिऊन गेले. ते काम पुण्याला पाठवलं म्हणून नंतर कळलं.

कारखाना सुरू झाला, धूर आला, म्हणून फोटोला पन्हाळ्याच्या पायथ्याला एका मैत्रिणीच्या शेतात जायचं ठरवलं. जानेवारी उजाडला. हे बरोबर आले. लोखंडी स्टँड ह्यांनीच उचलला, बॅटरी ह्यांनीच उचलली. फोटो धुणारे रात्रीच्या आभाळाची फिल्म बघून कोरी समजतात, म्हणून रोलवर पहिला फोटो नेहमी दिवसाउजेडी काढायचा असतो. तो ह्यांचा काढला, दुर्बिणीच्या चाकावर उजवा हात ठेवून उभे. 'कुठलं लावलंयस?' विचारलं ह्यांनी. 'बघू मग,' मी म्हणाले. रात्री पंचवीस पंचवीस मिनिटांचे चार फोटो घेतले. तारा फुलीवर बसून होता आणि हे शेजारी कांबळं पांघरून.

रोल स्टुडिओत दिला. आठवड्यानं गेले तर एकच प्रिंट हातात ठेवला, ह्यांचा. 'बाकी रोल कोरा आलाय बाई.' मी तिथं जो आवाज चढवला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. बाकीचे छापायला पाठवले, अजून आठ दिवस.

त्या आठ दिवसांत, एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या हातनं ब्रश खाली पडला. उचलायला वाकले ते वाकलेच. उजवी बाजू गेली. दवाखान्यात पंधरा दिवस होतो. बोलणं हळूहळू परत आलं, जड, अर्धवट. पाय थोडा आला. हात आला नाही.

घरी आणल्यावर मी स्टुडिओत जाऊन फोटो आणले. वाटेत उघडून बघितले नाहीत. ह्यांच्या पाठीशी उशी लावली आणि फोटो डाव्या हातात दिला. ह्यांनी बराच वेळ बघितलं, मग भिंग मागितलं. भिंग मी धरलं. एकेक तारा बघत गेले, जॉब तपासतात तसे, कडेनं.

'गोल हाईत,' म्हणाले. 'कुठलं चाक?'

'पहिलं.'

मान हलवली. नवल वाटल्याचं काही दिसलं नाही. 'त्यात खोट न्हवती. म्हाईत हुतं मला.'

'मग बोलला का नाही?'

'तू शिकलेली की.'

मग मी सगळं सांगितलं. विजेचा ठेका, मोटर, सौदीचं घड्याळ. घड्याळाचं ऐकून अर्ध्या तोंडानं हसले. मी रडत होते. माझ्या डोक्यावर हात ठेवायला म्हणून त्यांनी खांदा उचलला, उजवाच, सवयीनं, आणि हात तिथंच राहिला.

'कवा कळलं तुला?'

खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हणाले असते तर त्यांनी मानलं असतं, माझं सगळंच मानायचे.

'दसऱ्याला.'

डाव्या हाताच्या अंगठ्यानं ते बोटाची पेरं मोजायला लागले. दसरा. पुढच्या पेरावर दिवाळी. अंगठा तिथं थांबला.

'मालक आलते तवा तुला म्हाईत हुतं.'

'हो.'

ते रागावले नाहीत. खिडकीतनं कारखान्याच्या चिमणीकडं बघत राहिले.

'तवा हात हुता की,' म्हणाले, आणि फोटो माझ्याकडं परत दिला.